शास्त्रापुरतं

आमच्या तरुणपणी विज्ञान हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. सगळं शास्त्रच होतं. पदार्थशास्त्र, रसायनशास्त्र, ज्योतिषशास्त्र आणि धर्मशास्त्र, सगळी एकाच आडनावाची भावंडं. मी गिरगावातल्या एका शाळेत यांतली पहिली दोन शिकवत असे, आणि त्या दोघांचा मला केवढा गर्व होता हे आठवलं की आजही हसू येतं. प्लेग मुंबईत यायच्या तीनचार वर्षं आधीची ही गोष्ट आहे. माझं वय तेव्हा सव्वीस.

शनिवारी संध्याकाळी मी व्याख्यानं देत असे. विषय कोणताही असो, शेवटी मॅग्नेशियमची फीत पेटवून दाखवायचीच. सभागृह क्षणभर पांढरंशुभ्र व्हायचं, पुढच्या रांगेतले पेन्शनर डोळ्यांवर हात धरायचे, आणि त्या उजेडात मी छाती काढून म्हणायचो, "माझा शास्त्रावर विश्वास आहे!" टाळ्या पडत. एकदा माझी आई बायकांच्या बाजूला येऊन बसली होती. घरी परतताना ती म्हणाली, "तू बोललास ते छान बोललास. माझाही शास्त्रावर विश्वास आहे. म्हणून तर चतुर्थी कधी मोडली नाही."

मी पोट धरून हसलो. पुढे कितीतरी दिवस हा किस्सा मित्रांना रंगवून सांगत होतो. आईचं शास्त्र वेगळं, माझं वेगळं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्याच वर्षी माझ्या पत्नीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई हयात नव्हती, म्हणून ते आमच्याच घरी करायचं ठरलं. आमची सुईणही ठरलेली होती. ती लालबागला राहायची. मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत, स्वतःला मूलबाळ नाही. गिरगावापासून परळपर्यंत तिच्या हातून जन्मलेली माणसं रस्त्यात पावलोपावली भेटत. सगळे तिला मावशी म्हणत. बोलायला तुटक, हात मात्र असा हलका की बायका तिच्या हातगुणाच्या गोष्टी सांगत. सातव्या महिन्यात ती येऊन पत्नीला तपासून गेली आणि "सगळा बरा आसा" एवढंच म्हणाली.

नववा लागला. एका सकाळी आईने तिला निरोप धाडला, की आता केव्हाही होईल, तयारीत राहा. उलटा निरोप आला, की मावशीला विटाळ आहे, दुसरी सुईण बघा. आई घाबरली. दुसरी कुठून बघायची? मला संताप आला. विटाळ म्हणे! मी तसाच घोड्यांची ट्राम पकडून लालबागला गेलो.

चाळीच्या पडवीत मावशी एकटीच बसली होती. मला पाहून उठली, पण दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

"मी येवचंय नाय, मास्तरांनू. माझो इटाळ सरूक नाय अजून."

"कसला विटाळ, मावशी?"

"परळाक एक बाय गेली. बाळंत झाली, तिसऱ्या दिसाक ताप इलो, नवव्या दिसाक गेली. मीच होतंय थंय. आता एकवीस दिस मी खंयच्याच बाळंतिणीक हात लावचंय नाय. अकरा झाले."

"हे कोणी सांगितलं तुला? भटजींनी?"

"भट कशाक सांगतलो? माझा मीच ठरवलंय." मग म्हणाली, "आधी मी इटाळ नाय पाळी. एका म्हयन्यात चार घरा गेली, मास्तरांनू. एकामागसून एक. चारय घरात मीच गेल्लंय. माझ्याच हातातसून काय तरी जाता, असा माका दिसला."

तेव्हापासून तिने स्वतःचा एक नेम घालून घेतला होता. असा ताप आलेली बाळंतीण हातून गेली की अंगावरचं लुगडं जाळायचं, दादरच्या किनाऱ्यावर जाऊन कोपरापर्यंत हात वाळूने आणि खाऱ्या पाण्याने घासायचे, आणि एकवीस दिवस कुठेही जायचं नाही. एकवीसच का, विचारलं तर म्हणाली, पंधरा दिवस पाळून बघितले होते, पुरले नाहीत.

पंधरा दिवस पाळून बघितले होते, पुरले नाहीत! हे वाक्य आज मी लिहितो आणि हात थांबतो. त्या दिवशी ते माझ्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून गेलं. मला ऐकू आला तो फक्त विटाळ हा शब्द. समोर एक अडाणी बाई होती, तिच्या डोक्यात एक खुळी समजूत होती, आणि ती काढून टाकण्यासाठीच जणू माझा जन्म होता. मी पडवीतच व्याख्यान सुरू केलं. ताप विटाळाने येत नाही, अतिसूक्ष्म जंतूंमुळे येतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत. विलायतेत आता एक औषध निघालंय, कार्बोलिक. त्यात हात धुतले की जंतू मरतात. लुगडी जाळायला नकोत, एकवीस दिवस नकोत, काही नको.

ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"शास्तरात असा लिवलेला आसा?"

इथे मी खरं सांगितलं पाहिजे. ती कोणतं शास्त्र म्हणत होती ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आईचा किस्सा इतक्यांदा सांगितलेला माणूस मी. मला कळणार नाही तर कोणाला? तिच्या डोळ्यांपुढे पोथी होती. आपण आपल्या मनाने घालून घेतलेल्या नेमापुढे पोथीतली आज्ञा केवढी मोठी, याचं ओझं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की पोथी नव्हे मावशी, काही माणसांनी करून पाहिलेलं आहे, तू केलंस तसंच. पण मला घाई होती.

"हो," मी म्हणालो. "शास्त्रात आहे."

"खरा मा?"

"खरं."

"मग येतंय," ती म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी पत्नीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मावशी आली. मी कार्बोलिकची बाटली आणून ठेवलीच होती. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे ते पाण्यात मिसळून पितळी परातीत ओतलं आणि परात बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी स्टुलावर ठेवली. सगळ्या घरात डांबरासारखा उग्र वास भरला. आईने नाकाला पदर लावला. मी आईला बजावलं, की मावशीला कोपरापर्यंत हात बुडवून पाच मिनिटं ठेवायला सांग. घड्याळही काढून दिलं. नंतर मी बाहेरच्या खोलीत गेलो, कारण पुरुषाने तिथे थांबायचं नसतं.

पण मी पुरता गेलो नव्हतो. दाराच्या आडून बघत होतो.

मावशीने परातीत बोटं घातली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. आईला तिची दया आली. "राहू दे गं," आई म्हणाली, "कातडी सोलून निघेल. शास्त्रापुरते बुडव."

शास्त्रापुरते. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. देवाला वस्त्र वाहायचं तर शास्त्रापुरतं कापसाचं सूत वाहतात. आजाऱ्याला आंघोळ सोसत नसेल तर शास्त्रापुरतं पाणी डोळ्यांना लावतात. भूक नसेल तर शास्त्रापुरता एक घास घेतात. म्हणजे केल्यासारखं करायचं. ज्याला पोचायचं त्याला ते पोचतं. मावशीने बोटांची टोकं तीनदा परातीत बुडवली, थोडं पाणी कपाळाला लावलं आणि ती आत गेली.

मी ते बघितलं. आणि गप्प बसलो.

का गप्प बसलो याची कारणं मी पुढे कितीदा तरी स्वतःला देऊन पाहिली. बायकांच्या खोलीत पुरुषाने तोंड घालू नये; आईचा शब्द चारचौघांत मोडू नये; आत कळा चालू असताना उंबऱ्यावर वाद नको. ती सगळी खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी एक कारण आहे, ते मला आजही लाजवतं. मला वाटलं, कार्बोलिक घरात आलं, त्याचा वास सुटला, तिची बोटं त्याला लागली, आता भीती नाही. गंगेच्या पाण्याच्या थेंबावर आईचा जो विश्वास होता, नेमका तोच माझा त्या परातीवर होता. मॅग्नेशियमच्या उजेडात छाती काढून ज्याच्या नावाने टाळ्या घेतल्या, ते मी कधी करून पाहिलं नव्हतं. आरोग्याच्या पुस्तकातला जंतूंचा धडा मी सहा वर्षं शिकवत होतो आणि जन्मात एकही जंतू पाहिला नव्हता. पुस्तकात चित्र होतं, पुस्तक विलायतेचं होतं, म्हणून माझा विश्वास होता.

दुपारी बाराच्या सुमारास मुलगी झाली. बत्तासे वाटले. मावशीने मुलीला न्हाऊ घातलं आणि जाताना मला म्हणाली, "तुमच्या शास्तरान माझे आठ दिस वाचवल्यान." मी खूष झालो.

तिसऱ्या दिवशी पत्नीला थंडी वाजून ताप भरला.

माझा एक मित्र डॉक्टर होता. तो लगेच आला. त्याने तपासलं, बाहेर आला, आणि पहिला प्रश्न विचारला, "सुईणीने हात धुतले होते का?" मी म्हणालो, "कार्बोलिक ठेवलं होतं." तो म्हणाला, "मी विचारलं, धुतले होते का?" त्याने स्वतःचे हात धुवायला घेतले, आणि माझ्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा पुरी पाच मिनिटं मोजली गेली. नखं ब्रशाने घासली, कोपरापर्यंत हात लाल झाले तरी थांबला नाही. आई बाजूला उभी राहून बघत होती. शेवटी ती हळूच म्हणाली, "असं होय?" त्या दोन शब्दांत एवढं काही होतं की मला तिच्याकडे बघवेना.

मावशीला खबर कुठून लागली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली. आत ये म्हटलं तर आली नाही. मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त म्हणाली, "तुमी सांगितलात म्हणान इलंय मी. नायतर नाय इलंय असतंय." मग सारा दिवस तिथेच बसून राहिली, आणि त्यापुढचाही.

ताप चढतच होता. पत्नी बरळायला लागली. डॉक्टर दिवसातून तीनदा येई, औषधी पाण्याने आतून स्वच्छ करी, क्विनीन देई, ब्रँडीचे चमचे पाजी. पाचव्या दिवशी तो येताना सूक्ष्मदर्शक घेऊन आला. त्याने काचेच्या पट्टीवर बाळंतिणीच्या स्रावाचा एक थेंब घेतला, दिव्यावर सुकवला, त्यावर जांभळा रंग घातला, धुतला, आणि यंत्र खिडकीत उजेडाकडे तोंड करून ठेवलं. बराच वेळ नळीला डोळा लावून बसला. मग बाजूला होऊन म्हणाला, "ये. बघ."

मी डोळा लावला. आधी नुसता धूसर उजेड. मग त्याने एक चाक किंचित फिरवलं, आणि त्या उजेडात ते उगवले. जांभळे, वाटोळे, एकाला एक लागलेले, जपमाळेच्या मण्यांसारखे. कुठे चार, कुठे दहा, कुठे वळण घेतलेली अख्खी माळ. चित्रात होते तसेच, आणि तरी चित्रात त्यांचं काहीच नव्हतं. हे माझ्या घरातले होते. पलीकडच्या खोलीत जे माणूस तळमळत होतं, त्याला हे नेत होते. सहा वर्षं ज्यांची नावं पाठ करून घेतली ते खरोखरच आहेत, हे मला त्या घटकेपर्यंत ठाऊक नव्हतं. पत्नी मरणाच्या दारात असताना त्या भीतीत कुठेतरी माझं मन थक्क होऊन हात जोडून उभं राहिलं होतं. याची मला लाज वाटली, पण ते तसं होतं. एवढासा जीव! आणि त्याला बघायला माणसाने हे डोळे तयार केले!

मी मागे वळलो तर मावशी दारात उभी. "मियां बघू?" तिने विचारलं.

डॉक्टरने तिला खिडकीपाशी नेलं, कसं बघायचं ते दाखवलं. ती वाकली. श्वास धरून बघत राहिली. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा तेवढा आवाज. मग डोळा न काढताच ती म्हणाली,

"म्हणजे इटाळ दिसता?"

मग डॉक्टर म्हणाला, "हो मावशी. दिसतो."

ती सरळ झाली आणि तिने आपले दोन्ही हात समोर धरून उलटेपालटे करून पाहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मगे माझा खोटा नव्हता," ती म्हणाली.

डॉक्टरने तिला खाली बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. चार घरं कोणती, मध्ये किती दिवस गेले, पंधरा दिवस पाळले तेव्हा काय झालं, एकवीस पाळायला लागल्यापासून काय झालं. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकेक बाई तिला आठवत होती. कोणत्या सणाला, कोणत्या चाळीत, कितव्या दिवशी ताप. डॉक्टर वहीत उतरवून घेत होता आणि मधूनच माझ्याकडे बघत होता. ती पायरीवर परत गेल्यावर तो म्हणाला, "ज्या गोष्टीवरून युरोपातले मोठमोठे डॉक्टर एकमेकांशी भांडले, ती या बाईने लालबागच्या चाळीत बसून एकटीने शोधली. नाव चुकीचं दिलं, एवढंच. आणि तू तिला काय सांगितलंस?"

"शास्त्रात आहे म्हणून सांगितलं."

त्याने वही मिटली. थोड्या वेळाने त्याने एवढं मात्र स्वच्छ सांगितलं, की जंतू मावशीच्याच हातून आला असं सिद्ध करता येणार नाही. बहुधा हातूनच, पण जुन्या फडक्यातूनही आला असेल, आणखी कुठून आला असेल. त्याचा हा 'बहुधा' शब्द तेव्हा मला फार दुबळा वाटला. पुढे कळलं, की विश्वास नुसता मिरवणाऱ्यापेक्षा 'बहुधा' म्हणणाऱ्या माणसाला जास्त माहीत असतं.

अकराव्या दिवशी ताप उतरला. ती वाचली. कशाने वाचली हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. आईने बोललेला नवस फेडला, आणि मी तिच्याबरोबर देवळात गेलो.

दीड महिन्याने पत्नी प्रथमच खिडकीशी येऊन बसली. केस गळलेले, मांडीवर मुलगी. मी जवळ जाऊन बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती बाहेरच बघत म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दाराच्या आड होतात. मला आतून दिसत होतं."

मी मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"मावशींनी नुसती बोटं बुडवली. तुम्ही बघितलंत. मला वाटलं, तुम्ही गप्प आहात, म्हणजे तेवढं पुरत असेल."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. तिला शास्त्र कुठलं ठाऊक? तिचा विश्वास माझ्यावर होता. मी तिच्या पायांशी बसलो आणि रडलो, आणि ती मला उगी उगी म्हणत राहिली, जसं काही मीच आजारातून उठलो होतो.

व्याख्यानं मी सोडली नाहीत, पण ते वाक्य सोडलं. आता कुणी सभेत उठून म्हणतं, माझा विज्ञानावर विश्वास आहे, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, बाबा, म्हणजे तू काय करतोस? मावशी काय करत असे ते मला माहीत आहे. त्या दिवसानंतर ती प्रत्येक बाळंतपणाला कार्बोलिक मागून घेई आणि कातडी फाटेपर्यंत हात बुडवून बसे. आणि ताप आलेली बाळंतीण हातून गेली तर एकवीस दिवस पाळायचे तिने सोडले नाहीत. डॉक्टरनेच सांगितलं होतं, दोन्ही कर.

तीन वर्षांनी आमच्या घरात दुसरं बाळंतपण आलं. तीच खोली, तेच स्टूल, तीच परात. या वेळी मी उंबऱ्यावर उघडपणे उभा होतो, हातात घड्याळ घेऊन. आईने मला हटकलं नाही. मावशीने कोपरापर्यंत हात बुडवले आणि डोळे मिटले. "शास्तरापुरता नको, मास्तरांनू," ती म्हणाली, "पुरा होवंदे." आतून पत्नी कण्हत होती. एकेक कळ माझ्या काळजातून जात होती. ती एकदा जोरात ओरडली आणि माझ्याने राहवेना.

"झाली पाच मिनिटं," मी म्हणालो. "मावशी, जा आत."

मावशीने हात काढले नाहीत. आतून, दोन कळांच्या मध्ये, पत्नीचा आवाज आला, धाप लागलेला पण स्पष्ट.

"घड्याळ पुन्हा बघा."

मी पुन्हा बघितलं. अजून दीड मिनिट बाकी होतं.